हार्ड डिस्कमधले बांध

‘सी ड्राइव्ह लाल झालाय, डीमध्ये मात्र भरपूर जागा पडून आहे. तिकडची जागा इकडे घेता येईल का?’ कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे हा प्रश्न सतत येतो. ड्राइव्हमधली मोकळी जागा दहा टक्क्यांखाली गेली की विंडोज त्याची निळी पट्टी लाल करून दाखवतं. मग अपडेट अडतात, कॉम्प्युटर रेंगाळतो आणि माणूस वैतागतो.

जागा इकडे घेता येते. पण त्याआधी त्या माणसाला विचारायला हवं, की डीमध्ये जे काही आहे त्याची दुसरी प्रत कुठे आहे? बहुतेकदा उत्तर मिळतं, ‘डी हाच तर बॅकअप आहे. महत्त्वाचं सगळं तिथेच टाकून ठेवलंय.’

हा समज आपल्याकडे घराघरांत आहे, आणि तो कसा रुजला हेही कळण्यासारखं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला असो की तालुक्याच्या गावातल्या दुकानात असेंबल करून घेतलेला, कॉम्प्युटर हाती यायचा तो सी, डी, ई असे तुकडे पाडूनच. दुकानदाराचा त्यामागे विचार असायचा. विंडोज बिघडायचं, व्हायरस शिरायचा, आणि सी ‘फॉरमॅट मारून’ सगळं नव्याने टाकावं लागायचं. अशा वेळी डी आणि ईमधले फोटो, गाणी, हिशेब जागच्या जागी राहायचे. एका प्रकारच्या संकटातून ही वाटणी खरोखर वाचवायची. पण सी आणि डी ही एकाच डिस्कवरच्या दोन भागांची नावं आहेत. आतल्या तबकड्या त्याच, त्या फिरवणारी मोटर तीच, सर्किट तेच. मोटर बंद पडली, लॅपटॉप चोरीला गेला, दुकानात पावसाचं पाणी शिरलं किंवा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर घुसलं, तर सीबरोबर डीही जातो. दुसरी प्रत दुसऱ्या वस्तूवर असेल तरच तिला बॅकअप म्हणायचं.

ही वाटणी डिस्कवर नेमकी कुठे लिहिलेली असते, ते पाहण्यासारखं आहे. १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा कॉम्प्युटर आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. त्याच्यासोबत आलेल्या डॉसच्या २.० या आवृत्तीने एका डिस्कचे चार भाग करण्याची सोय दिली, म्हणजे वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम एकाच डिस्कवर राहू शकतील. ही सगळी नोंद डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, ५१२ बाइटमध्ये बसवलेली होती. त्यातले ४४६ बाइट कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, शेवटचे दोन बाइट खुणेसाठी, आणि मधले ६४ बाइट वाटणीच्या तक्त्यासाठी. प्रत्येक भागाच्या वाट्याला १६ बाइट. भाग कुठे सुरू होतो, किती लांब आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे, एवढंच त्यात लिहिलेलं. या पद्धतीला एमबीआर म्हणतात, आणि जुन्या कॉम्प्युटरांमध्ये ती अजूनही आढळते. तिच्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरांची डिस्क असेल तर सुमारे २ टीबीच्या पुढची जागा तिला दाखवताच येत नाही. नव्या कॉम्प्युटरांमधली जीपीटी पद्धत ही मर्यादा ओलांडते. तिच्यात साधारणपणे १२८ भागांची सोय असते, आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. तक्ता ज्यांनी आखला त्यांनाही एका प्रतीवर भरवसा ठेवणं पुरेसं वाटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तक्त्यातले आकडे बदलायला क्षणही लागत नाही. मग हे भाग, म्हणजे पार्टिशन, लहान-मोठे करणं धोक्याचं का? कारण भागाच्या आत आणखी एक कारभार असतो, फाइल सिस्टिमचा. विंडोजमध्ये ती बहुतेक एनटीएफएस असते. आपण किती मोठे आहोत हे ती स्वतः लिहून ठेवते. आपल्या सुरुवातीच्या सेक्टरची एक प्रत ती भागाच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवते. आणि कोणती फाइल कुठे आहे याची नोंद ती भागाच्या सुरुवातीपासून मोजून करते. त्यामुळे उजवी कड पुढे सरकवायची असेल, तर काम सोपं असतं: आत काहीच हलत नाही, फक्त मोकळी जागा वाढते. उजवी कड मागे आणायची असेल, तर शेवटाकडे पसरलेल्या फाइली आधी आत ओढून घ्याव्या लागतात. डावी कड हलवायची असेल, तर मात्र मोजण्याचा आरंभबिंदूच बदलतो. सगळ्या नोंदी बरोबर ठरायच्या तर त्या भागातला मजकूर जसाच्या तसा, शेकडो जीबी, तेवढ्याच अंतराने सरकवावा लागतो.

लाल झालेल्या सीचा खरा पेच इथे आहे. डिस्कवर आधी सी, त्याच्या उजवीकडे डी. डी लहान केला तर विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट त्याची उजवी कड मागे आणतं, आणि मोकळी झालेली जागा डीच्या पलीकडे पडते. सीला तिचा उपयोग नसतो. बांध सरकवायचा तर लगतचं वावर मोकळं लागतं. पलीकडच्या वावरातली पड जमीन कामाची नाही. म्हणूनच डीमधून जागा काढूनही सीवर राइट क्लिक केल्यावर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसतं, आणि आपलं काय चुकलं ते माणसाला कळत नाही. जुन्या एमबीआर डिस्कवर आणखी एक अडथळा असतो. तिथे डी आणि ई बहुधा ‘एक्स्टेंडेड’ नावाच्या एका मोठ्या भागाच्या पोटात असतात. त्या पोटातली मोकळी जागा डिस्क मॅनेजमेंटमध्ये हिरव्या चौकटीत दिसते, पण तो एक्स्टेंडेड भाग आहे तोवर ती सीला मिळत नाही.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तर अशा प्रत्येक बदलासाठी सगळं पुसावं लागायचं. डॉसच्या एफडिस्क या प्रोग्रॅमला भाग करता यायचे आणि काढता यायचे; आतला मजकूर सांभाळून ते लहान-मोठे करता यायचे नाहीत. अमेरिकेतल्या पॉवरक्वेस्ट कंपनीच्या पार्टिशन मॅजिकने ते करून दाखवलं, म्हणून त्याचं एवढं नाव झालं. पुढे २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून भाग लहान करण्याची सोय विंडोजमध्येच आली. लिनक्सच्या बाजूने जीपार्टेड हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून वापरता येतो आणि डावी कडही सरकवतो. चांगलं हत्यार आहे. पण तो मजकूर उचलून पुढच्या जागी ठेवत असतो, तेव्हा नवी जागा आणि जुनी जागा एकमेकांवर चढलेल्या असतात. अर्ध्यावर वीज गेली, तर डिस्कवर अर्धा मजकूर जुन्या ठिकाणी, अर्धा नव्या ठिकाणी अशी अवस्था उरते, आणि दोन्हींपैकी कोणताच तक्ता तिला लागू पडत नाही. मोठ्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर हे काम तासन्‌तास चालतं. ज्या गावात भारनियमनाचं वेळापत्रक पाठ असतं आणि पहिल्या वळवात तारा तुटतात, तिथे इन्व्हर्टरशिवाय डेस्कटॉपवर हे काम सुरू करू नये.

आता बॅकअपकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. बॅकअपकडे लोक विम्यासारखं पाहतात: काही बिघडलं तर उपयोगी पडेल. पार्टिशनच्या कामात तो त्याहून मोठं काम करतो. डीमधलं सगळं दुसऱ्या डिस्कवर नीट उतरवलेलं असेल, तर तासन्‌तास मजकूर सरकवण्याची गरजच उरत नाही. डी सरळ काढून टाकायचा, सीला लगतची हवी तेवढी जागा द्यायची, उरलेल्या जागेत नवा डी करायचा आणि मजकूर परत आणायचा. भाग बदलण्याचं प्रत्यक्ष काम काही मिनिटांत होतं, तेही विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी. वेळ जातो तो फक्त फाइली नेण्या-आणण्यात, आणि त्यात वीज गेली तरी मूळ प्रत शाबूत असते. मात्र नव्या भागाला पुन्हा ‘डी’ हेच अक्षर द्यायला विसरू नये, नाहीतर जुने शॉर्टकट आणि प्रोग्रॅम आपल्या फाइली शोधत बसतात.

बॅकअपचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात आपण आपल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. दुसऱ्यात संपूर्ण भागाची किंवा डिस्कची हुबेहूब इमेज काढतो. त्यात विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंग, बूट होण्याची व्यवस्था असं सगळं येतं. इमेजचा हा मार्ग लोकप्रिय झाला तो घोस्टमुळे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये मरे हॅझार्ड यांनी तो प्रोग्रॅम लिहिला आणि १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने तो विकत घेतला. आज त्याची जागा तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेल्या क्लोनझिलासारख्या मोफत प्रोग्रॅमने घेतली आहे. क्लोनझिला ओळखीची फाइल सिस्टिम असेल तर फक्त भरलेल्या जागेची नक्कल करतो, त्यामुळे अर्ध्या रिकाम्या डिस्कची इमेज लवकर होते. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्येही ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ या नावाखाली सिस्टिम इमेज काढण्याची सोय आहे. पार्टिशनला हात लावण्याआधी दोन्ही करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. संपूर्ण डिस्कची इमेज, आणि शिवाय महत्त्वाच्या फाइलींची साधी, कुठेही उघडता येईल अशी नक्कल.

फाइलींची नक्कल काढताना मराठी माणसाचं नेमकं काय सुटतं, ते सांगायला हवं. डेस्कटॉप सुटतो. डोळ्यांसमोर असतो म्हणून तो कुठेतरी वेगळा आहे असं वाटतं, पण डेस्कटॉपवरच्या फाइली बहुधा सीमध्येच असतात. डाउनलोड्सचंही तसंच. दुकानदारांचा टॅलीचा डेटा सुटतो. टॅली प्राइम स्वतःहून तो सी ड्राइव्हवर यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये ठेवतं, आणि वर्षानुवर्षं टॅली वापरणाऱ्यांनीही ते फोल्डर कधी उघडलेलं नसतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड सुटतात.

आणि फॉन्ट सुटतात. मराठीत छपाईचं काम करणाऱ्यांसाठी ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. युनिकोड रुळण्याआधीची कितीतरी पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि संस्थांचे अहवाल पुण्याच्या मॉड्यूलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सीडॅकच्या आयएसएममध्ये टाइप झालेले आहेत. अशा फाइलींत खरी मराठी अक्षरं नसतातच. त्या विशिष्ट फॉन्टलाच कळणारे संकेत असतात. फाइल जपली आणि फॉन्ट गेला, तर पानावर निव्वळ रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास दिसते. ते फॉन्ट सी ड्राइव्हवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात. सी फॉरमॅट झाला की ते जातात, आणि डीमध्ये जपून ठेवलेली वीस वर्षांची पुस्तकं मुकी होतात. म्हणून मजकुराच्या फोल्डरमध्येच त्याचे फॉन्टही ठेवावेत. जमेल त्या पुस्तकाची पीडीएफ करावी, आणि मूळ मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. लहान प्रकाशक आणि जिल्ह्याच्या गावांतले डीटीपी करणारे यांच्याकडे आपल्या भाषेचं केवढं तरी लेखन अशा अवस्थेत पडून आहे. याची मला खरोखर काळजी वाटते.

बॅकअप किती हवेत यासाठी ३-२-१ हा नियम जगभर सांगितला जातो. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने डिजिटल छायाचित्रांची निगा राखण्यावर लिहिलेल्या पुस्तकातून तो पसरला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरगुती वापराला कॉम्प्युटरमधली मूळ प्रत, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि क्लाउडवर किंवा भावाबहिणीच्या घरी ठेवलेली एक प्रत, एवढ्याने भागतं. मात्र एक्स्टर्नल डिस्क कायम जोडून ठेवू नये. रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतं.

प्रती असणं आणि त्या चालणं यात फरक आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत तो फार मोठ्या प्रमाणावर दिसला. जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम जिच्यावर ठेवतात अशी ही कंपनी. रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनिअरने दुसऱ्या सर्व्हरवर चालवायची पुसण्याची आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालवली. क्षणभरात त्याच्या ते ध्यानात आलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. बॅकअप घेण्याच्या अनेक व्यवस्था तिथे होत्या. त्यांतली रोजची नक्कल प्रोग्रॅमची आवृत्ती जुळत नसल्याने कित्येक दिवस अपयशी ठरत होती, आणि तसं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी एका वेगळ्याच कामासाठी कोणीतरी हाताने घेतलेली प्रत सापडली म्हणून बाकीचं वाचलं. मधल्या सहा तासांतला डेटा कायमचा गेला. कंपनीने ही सगळी हकीकत स्वतः जाहीर केली, त्याबद्दल तिचं कौतुक करायला हवं. त्यामुळे बाकीच्यांना कळलं, की बॅकअप परत आणून पाहिला नसेल तर तो आहे असं धरून चालता येत नाही.

भाग लहान-मोठे करण्याची वेळ फक्त जागा संपल्यावर येते असंही नाही. ९ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०साठी केबी५०३४४४१ हे सुरक्षा अपडेट दिलं, आणि असंख्य कॉम्प्युटरांवर ते ८००७०६४३ हा त्रुटीचा क्रमांक दाखवून अडकलं. विंडोज बिघडल्यावर दुरुस्तीला लागणारी साधनं रिकव्हरी नावाच्या एका लपलेल्या छोट्या भागात असतात. नव्या अपडेटला त्या भागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती, आणि अनेकांच्या डिस्कवर ती नव्हती. कंपनीने उपाय दिला तो असा: आज्ञा टाइप करून सी २५० एमबीने लहान करा, रिकव्हरी भाग काढा आणि मोठा करून पुन्हा बनवा. पुढे याचा आपोआप तोडगा निघणार नाही, असंही सांगितलं. पार्टिशन हा शब्दही न ऐकलेल्या माणसांवर हे काम टाकणं मला अन्यायाचं वाटतं. याच रिकव्हरी भागामुळे आणखी एक अडचण येते. पुष्कळ कॉम्प्युटरांत तो सी आणि डी यांच्या बरोबर मध्ये असतो. तिथे डी काढला तरी जागा सीच्या लगत येत नाही, आणि मग जीपार्टेडसारख्या प्रोग्रॅमने तो छोटा भाग आधी उजवीकडे न्यावा लागतो.

कामाला बसण्याआधीच्या काही गोष्टी. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते. भाग हलवल्यावर कॉम्प्युटर सुरू होताना ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती आधीच कागदावर लिहून ठेवावी आणि काम होईपर्यंत बिटलॉकर थांबवून ठेवावा. विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’ने बंद केलं असेल तर ते पुरतं बंद झालेलं नसतं, अर्धं झोपलेलं असतं, अशा अवस्थेत दुसऱ्या प्रोग्रॅमने त्या भागाला हात लावू नये. फाइल सिस्टिममध्ये दोष आहेत का, हे चेक डिस्क चालवून पाहावं. भरपूर जागा मोकळी असूनही विंडोज एखादा भाग थोडाच लहान करू देत असेल, तर मध्येच हलवता न येणारी एखादी फाइल बसलेली असते. बहुधा ती हायबरनेशनची किंवा पेजिंगची फाइल असते, किंवा सिस्टिम रिस्टोअरचे साठे. त्या सोयी काही वेळ बंद केल्या की वाट मोकळी होते. आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, फाइली उघडताना ती अडखळत असेल, तर पार्टिशनचा विचारही करू नये. अशा डिस्ककडून एकच काम करून घ्यायचं, शेवटची नक्कल.

खूपदा तर सीमाच हलवायला नको असतात. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर राहिलेली जुनी आवृत्ती डिस्क क्लीनअपने काढली, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं त्यांच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘लोकेशन’मधून डीवर नेली, तर लाल पट्टी पुन्हा निळी होते. ॲपलने २०१७ मध्ये मॅकसाठी आणलेल्या एपीएफएसमध्ये एका डिस्कवरचे अनेक भाग मोकळी जागा वाटून घेतात, त्यामुळे तिथे या सीमांचा प्रश्न बराचसा मिटला आहे. नवा कॉम्प्युटर घेणाऱ्यांनी दुकानदाराला डिस्कचे तुकडे करायला सांगू नये. सगळी जागा सीलाच राहू द्यावी, आणि त्याच वेळी बॅकअपसाठी वेगळी एक्स्टर्नल डिस्क घ्यावी.

ज्यांची डिस्क आधीच वाटलेली आहे आणि सी भरला आहे, त्यांनी आज फक्त एक करावं. डीमधलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावं, ती डिस्क दुसऱ्याच एखाद्या कॉम्प्युटरला जोडावी, आणि तिच्यातला एक फोटो, एक हिशेब आणि एक जुनी मराठी फाइल उघडून पाहावी. तिन्ही नीट उघडल्या, तरच डिस्क मॅनेजमेंटला हात लावावा.